शनिवारचा पास

फिनेलचा वास आला की मला मोहोळचा बायकांचा दवाखाना आठवतो. सोलापुरात आम्ही दोघी मैत्रिणी मॅट्रिकच्या वर्गात होतो. शुश्रूषेचं काम शिकायला दर शनिवारी तिथं जाता यावं, म्हणून शाळेच्या मोठ्या बाईंनी खटपट करून आम्हाला रेल्वेचा पास मिळवून दिला होता. नर्स व्हायचं होतं ते तिला. मला रक्त पाहिलं की भोवळ यायची, मी जायचे ती तिच्या सोबतीला. दोघींच्या नावाचा तो एकच पास तीच जपून ठेवायची. एका शनिवारी मी बायकांच्या डब्यात जागा धरून बसले होते. ती थोरल्या भावाबरोबर आली आणि खिडकीतून तिनं पास माझ्या हातात दिला. "लग्न ठरलंय हिचं. आता ही यायची नाही," भाऊ म्हणाला. कोळशाच्या धुरात ती मान खाली घालून उभी होती. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाली, "दाराजवळच्या खाटेवरचं बाळ दूध घेत नव्हतं गं. तेवढं बघ." बाळ दूध घेत होतं. संध्याकाळी परतल्यावर मी स्टेशनावरून तशीच तिच्या घरी गेले. तिच्या आईनं दारातच अडवलं. "नवरी हाय ती आता. कुणाला भेटायचं न्हाय." आत माजघरात बांगड्या वाजल्या. "काकू, बाळ दूध घेतंय म्हणून सांगा तिला," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. काकूंनी हलकेच दार लोटलं. आता माझ्या नातींची लग्नं झाली, पण तिला ते ऐकू गेलं की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.