हुक बसवणारे वामननाना

वामननाना गिऱ्हाइकाशी बोलायच्या आधी त्याच्या गाडीखाली शिरायचे. एरंडोलला, धुळ्याच्या रस्त्यावर, त्यांचं वेल्डिंगचं पत्र्याचं दुकान होतं. गाडी थांबली की ते गोणपाट अंथरून उताणे आत सरकायचे आणि बाहेर फक्त पाय राहायचे. बराच वेळ आतून आवाजही येत नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली.

धुळ्याच्या कारखान्यातली माझी नोकरी नुकतीच सुटली होती. मी आणि माझी बायको सुनंदा जुनी व्हॅन घेऊन आठवडी बाजारांत केळीचे वेफर्स तळून विकू लागलो होतो. भट्टी, कढई, सिलिंडर, तेलाचे डबे व्हॅनमध्ये मावेनात, म्हणून मागे ओढायला दोन चाकांची ट्रॉली करून घेतली. ती जोडायचा तयार हुक मी जळगावहून आणला होता. बंपरला चार बोल्ट मारले की झालं, असं दुकानदार म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी नशिराबादचा बाजार होता.

नाना बाहेर आले, माझा हुक हातात घेऊन पाहिला आणि परत दिला.

"हाऊ शोभाना हुक शे, भाऊ. वढाले कोनतंबी इंजन वढी लेस. थांबाडाना इचार करेल शे का?"

नाना अहिराणीतच बोलत. माझा हुक नुसता शोभेचा, असं ते म्हणत होते. ओढण्याचं सगळे बघतात, थांबवण्याचं कुणी बघत नाही, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. बंपर म्हणजे नुसता पत्रा. हुक गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, धरला पाहिजे. आणि माझ्या गाडीची चासी एका बाजूने गंजली होती. तीन दिवस लागतील, म्हणाले.

मी वैतागलो. "नाना, बाजार बुडेल माझा. उद्यापुरता लावून द्या, नंतर बघू."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग थकलेल्या आवाजात सांगू लागले. पुष्कळ वर्षांपूर्वी एक मंडपवाला असाच घाईत आला होता. त्याच्या आग्रहाखातर नानांनी बंपरलाच हुक मारून दिला. चार दिवसांनी भरली ट्रॉली रस्त्यात सुटली आणि एका चहावालीच्या टपरीत घुसली. बाईचा पाय गेला. लोकांनी ड्रायव्हरला धरलं.

"मन्हं नाव कोनी लिधं नही," नाना म्हणाले. "पन हुक मन्हा हातना व्हता. ते माले म्हाईत व्हतं."

मी गाडी ठेवून एसटीने घरी आलो.

चौथ्या दिवशी सुनंदाला घेऊन गेलो. नानांनी गंजलेला भाग कापून नवं लोखंड घातलं होतं, चासीच्या दोन्ही बाजूंना धरून जाड पट्टी टाकली होती आणि तिच्यावर हुक. खाली दोन साखळ्या, हुक सुटलाच तर ट्रॉली धरून ठेवायला. मागच्या दिव्यांची वायरही ओढली होती. हे सगळं त्यांनी मला नाही, सुनंदाला समजावलं. "अक्का, भाऊ आयकाव नही. तुले सांगस. साखई लावाबगर गाडीमा बठू नको."

तेव्हापासून ती दर बाजाराला आधी खाली वाकते, साखळ्या हलवून बघते, मग गाडीत बसते.

काही वर्षांनी बोल्ट तपासायला गेलो, तर दुकानात आरडाओरडा चालला होता. नाना आदल्या दिवशी स्वतःच केलेलं वेल्डिंग, जोड पक्का नाही म्हणून, ग्राइंडरने कापत होते आणि पिकअपचा मालक ओरडत होता, "अहो, चांगलं तर दिसतंय!" नानांनी मान वर केली नाही. कापून झाल्यावर त्याला दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला.

मी म्हटलं, "नाना, नीट दिसत नसेल, डोळे दाखवून घ्या ना."

"डोयास्नं आपरेशन व्हयनं. हातनं काय करशी?" त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत होता. थांबवू म्हणता थांबत नव्हता.

त्यांना खाली बसवेना, म्हणून हत्यारं मी गोळा केली. शटर दोघांनी मिळून ओढलं. दुकान पुन्हा उघडलं नाही. "वाईट वाटी नही ऱ्हायनं, भाऊ," घरी सोडताना ते म्हणाले, "फक्त थकेल शे."

त्यांची मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन गेली. आम्ही दोनदा भेटून आलो. गेल्या हिवाळ्यात तिचाच फोन आला, नाना पहाटे गेले म्हणून. आम्ही नशिराबादच्या बाजारात होतो. तेल तापलेलं, समोर गिऱ्हाइकं उभी. सुनंदाने गॅस बंद केला. तेल निवेपर्यंत आम्ही ट्रॉलीच्या सावलीत बसून राहिलो. मग आवरलं आणि निघालो. धुळ्यापर्यंत मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. मागचे हॉर्न वाजवत पुढे जात होते. त्यांना वाजवू दिलं.