चौकोनी डांगर

कुणी काहीही म्हणो, ते डांगर मी हौसेसाठी केलं. पुढे लोकांनी त्याला बरीच कारणं चिकटवली. कुणी म्हणालं, चार पैसे मिळतील म्हणून केलं. कुणी म्हणालं, सासऱ्यांचं नाक कापायला केलं. दोन्ही खोटं. मला चौकोनी डांगर बघायचं होतं, म्हणून मी ते वाढवलं. एवढ्या कारणावर माणसांचं समाधान होत नाही, आणि करणारी बाई असली तर बिलकुलच होत नाही.

मी जालना शहरातली. वडील रोलिंग मिलमध्ये कामाला. बारावी झाले आणि हसनाबादला सून म्हणून आले. घरात सासू, सासरे, नवरा आणि पुढे माझा एक मुलगा. पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. तो आधी सासरे वाचायचे, मग नवरा, मग शेजारचे दोघे-तिघे, आणि संध्याकाळी चुरगळलेला माझ्याकडे यायचा. रविवारची पुरवणी मात्र कुणालाच नको असायची, ती मला कोरी करकरीत मिळायची. तिच्या मागच्या पानावर कोपऱ्यात जगभरातल्या चमत्कारिक गोष्टी छापायचे. कुठल्याशा देशात एक पोस्टमन टपाल वाटता वाटता रस्त्यातले दगड गोळा करायचा, आणि त्या दगडांचा त्यानं राजवाडा बांधला. कुणी रिकाम्या बाटल्यांचं घर उभं केलं. एका गावात म्हणे चीजचं चाक डोंगरावरून सोडून देतात आणि त्याच्यामागे धावत सुटतात, हातपाय मोडून घेतात, आणि पुढच्या वर्षी परत धावतात. मी ही कात्रणं स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवायची. खळीत मोरचूद घालायची, नाहीतर झुरळं पोस्टमनला खाऊन टाकत.

नवरा भाकरी खाता खाता दाराकडे बघायचा आणि म्हणायचा, "रिकामटेकडे हायेत सगळे." मला याचा संताप यायचा. तो पोस्टमन रिकामटेकडा नव्हता. दिवसभर टपाल वाटून झाल्यावर तो दगड रचत होता. पेपरात त्याला अवलिया म्हटलं होतं. हाच माणूस हसनाबादला असता तर त्याला येडा म्हणाले असते आणि कुण्या बाबाकडे अंगारा लावायला नेलं असतं. परदेशातल्यानं केलं की कौतुक, आणि आपल्या गल्लीतल्यानं केलं की डोक्यावर परिणाम, हा कुठला न्याय?

मग एका रविवारी जपानमधल्या चौकोनी टरबुजाचा फोटो आला. फळ लहान असताना पेटीत घालतात, वाढता वाढता ते पेटीचा आकार घेतं, एवढंच लिहिलं होतं. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले. लहानपणी वडिलांना डबा द्यायला जायची तेव्हा मिलमध्ये लाल लोखंड दाबून चौकोनी निघालेलं मी पाहिलं होतं. लोखंड ऐकतं तर फळ का ऐकणार नाही, असं माझ्या मनात आलं. टरबुजाला नदीकाठची रेती लागते, ती काही आमच्याकडे नव्हती. पण परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर डांगराचा वेल दर वर्षी उकिरड्यावर चढायचा. डांगर, म्हणजे ज्याला पुण्याकडे लाल भोपळा म्हणतात ते. वेल मीच लावायची, कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

पहिल्यांदा मी तेलाचा पत्र्याचा डबा घेतला. उन्हाळा होता. पत्रा असा तापला की फळ आतल्या आत शिजलं आणि परसभर वास सुटला. दुसऱ्या वेळी पावसाळ्यात किराणा दुकानातलं लाकडी खोकं आणलं. डांगरानं एक फळी खिळ्यांसकट ढकलून दिली आणि तिथून ढेरी बाहेर काढली. गल्लीतल्या बायका ते बघायला आल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, कारण ते दिसतच तसं होतं.

तिसऱ्या वेळी न्हाणीच्या कामातून उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे मी घेतले. फरशी तापत नाही आणि वाकतही नाही. खाली एक, चारी बाजूंना चार, बाहेरून तार आवळलेली आणि तारेत लाकडाच्या पाचरी. मधे पोत्याचं तरट घातलं आणि फळ मुठीएवढं असताना आत ठेवलं.

इथे सासऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे. मी त्यांना मामा म्हणायची, म्हणजे म्हणायची वेळ आली तर. आमच्यात सासरा सुनेशी थेट बोलत नसे. समोर असले तरी जे काय ते सासूच्या तोंडून. तर फरशा बघून मामा माझ्यासमोर आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना म्हणाले, "इचार तिला, परसात समाधी बांधून राह्यली का काय." आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हटलं, "मामांना सांगा, समाधी न्हाई, डांगर वाढून राह्यलंय." त्यावर मामा भिंतीकडे बघून म्हणाले, "गोल डांगर कडू लागतंय का?" मी तारेत आणखी एक पाचर ठोकली.

संक्रांतीच्या सुमारास देठ वाळला. मी तार सोडली, फरशा एकेक करून बाजूला केल्या आणि तशीच मातीत बसून राहिले. डांगर चौकोनी होतं. चारी बाजू सपाट, शिरा दाबून सरळ झालेल्या. एक कोपरा नीट भरला नव्हता, तिथे जरा खळगा राहिला होता. मला तो कोपराही आवडला. मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात आणलेली गोष्ट जशीच्या तशी बाहेर दिसत होती.

हसणाऱ्या बायका परत आल्या आणि या वेळी त्यांनी हात लावून बघितलं. मग पुरुष आले. मग कृषी सहायक आले. भोकरदनला शेतकी प्रदर्शन भरणार होतं, ते म्हणाले, हे तिथे ठेवू. समाधीवाले मामा एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "ठेवू की." मला आनंदच झाला. मी डांगराला तेलाचा हात लावला, जुन्या धोतरात गुंडाळलं आणि कृषी सहायकांच्या जीपमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीनं भोकरदनला गेले. आत्याबाईंना सांगितलं, बाकी कुणाला विचारलं नाही. मंडपात एका टेबलाभोवती ही गर्दी. टेबलावर माझं डांगर, त्याला झेंडूची माळ, आणि समोर पुठ्ठ्यावर मामांचं नाव, खाली 'प्रगतशील शेतकरी'. बाजूला नवा फेटा बांधून मामा उभे. कुणीतरी विचारलं, "काका, हे जमवलं कसं?" मामा म्हणाले, "बियाणंच चौकोनी हाये. बाहेरदेशातून मागवलंय."

जालना म्हणजे बियाणं कंपन्यांचं शहर, तिथल्या माणसाला कुठल्याही नवलाचं उत्तर बियाणं हेच सुचतं. लोकांनी माना डोलावल्या. एकानं तर पिशवी केवढ्याला पडली तेही विचारलं. माझ्या तीन हंगामांची, उकललेल्या फळीची, तारेनं कापलेल्या बोटांची बाहेरदेशातली पिशवी झाली होती.

मी टेबलामागच्या माणसाला म्हटलं, "भाऊ, नाव चुकलंय. हे मी केलंय."

तो म्हणाला, "ताई, सातबारा ज्याच्या नावावर, त्याचं नाव लागतंय. नियमच हाये तसा."

"मंग परसाचा सातबारा काढा. हे न्हाणीच्या पाण्यावर वाढलंय."

गर्दीत हसू फुटलं. आत्याबाई तिथे नव्हत्या, त्यामुळे मामांची पंचाईत झाली. ते टेबलामागच्या माणसालाच म्हणाले, "सांगा तिला, घरी जा म्हणावं. घरी बोलू."

"जाते," मी मामांकडे सरळ बघून म्हटलं. त्यांच्याशी थेट बोललेला हा माझा पहिला शब्द. माळ काढून टेबलावर ठेवली, डांगर उचललं आणि कमरेवर घेतलं. भरल्या कळशीएवढं वजन होतं. मला कुणी अडवलं नाही. सासऱ्यादेखत सुनेच्या कमरेवरचं डांगर ओढून घ्यायचं धाडस त्या मंडपात कुणाकडे नव्हतं.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्या डब्ब्याचं लगेज लागतंय."

"डब्बा न्हाई, डांगर हाये."

त्यानं बोटानं टकटक करून बघितलं आणि लगेज न घेता पुढे गेला.

घरी येऊन मी डांगर स्वयंपाकघरात ठेवलं. दिवेलागणीच्या आधी नवरा आला, त्याला मामांनी, म्हणजे त्याच्या बापूनं, पुढे पाठवलं होतं. म्हणाला, "उद्या बक्षीस हाये. मोठे साहेब येणारेत. बापूनं सांगितलंय, सकाळच्या गाडीनं डांगर घेऊन ये."

"नाव बदललं का?"

तो चपला काढत म्हणाला, "तू केलंय हे घरात सगळ्यांना माहीत हाये की. बाहेर बापूचं नाव लागलं तर काय बिघडलं?"

"काही बिघडत न्हाई ना? मंग माझं लावा."

माझा नवरा वाईट माणूस नाही. पण ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरतच नव्हती, आणि शिरेपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता. सकाळपर्यंत डांगर अख्खं राहिलं असतं तर ते गाडीत बसून भोकरदनला गेलं असतं. मामांच्या अंगावर शाल पडली असती, आणि मग मी जन्मभर सांगत फिरले असते की ते मी केलं होतं. कुणी खोटं म्हटलं नसतं, मान हलवून चहा पीत राहिले असते. मला ते नको होतं. मी कोयता काढला.

आत्याबाई चुलीपुढून उठल्या आणि माझ्या नवऱ्याकडे हात केला. "थांब. त्याला आधी टोचू दे."

आमच्याकडे अख्खं डांगर बाई फोडत नाही. डांगर म्हणजे घरचा थोरला लेक, बाईनं त्याच्यावर पहिला वार करायचा नसतो, केला तर तिच्या लेकावर संकट येतं म्हणतात. पुरुषानं आधी सुरी खुपसायची, मग बाईनं चिरायचं. घरात पुरुष नसला तर शेजारचा बोलावतात. माझ्या माहेरीही हेच होतं. आत्याबाईंनी हळूच माझ्या पोराकडे बोट दाखवलं. तो उंबऱ्यावर शेंगा खात बसला होता.

खरं सांगते, मी घाबरले. चौकोनी डांगर करणारी बाई सुद्धा आईच असते. नवऱ्याकडे पाहिलं तर तो भिंतीला टेकून बसला होता, त्याला बापूचंही भय आणि माझंही. वाटलं, द्यावी याच्या हातात सुरी. मग वाटलं, बी मी लावलं, फरशा मी बांधल्या, आणि शेवटी पहिला वार करायलाही पुरुषच बोलवायचा. म्हणजे पुठ्ठ्यावरचं नाव बरोबरच होतं म्हणायचं. मी दोन्ही हातांनी कोयता उचलला आणि मधोमध घातला.

पोराला त्या वर्षी साधी सर्दीसुद्धा झाली नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

मामा आले तेव्हा भाजी चुलीवर होती. परातीत उरलेली अर्धी फोड त्यांनी पाहिली. आत्याबाईंना ते काहीच म्हणाले नाहीत, म्हणजे मलाही नाही. त्यांनी ठेच्याबरोबर भाकर खाल्ली. आत्याबाईंनी भाजी दोनदा मागून घेतली. नवरा जेवला, खाली मान घालून, पण पोटभर. मी सगळ्यांच्या शेवटी बसले आणि सावकाश खाल्लं. जरा फिकं होतं. मला गोडच लागलं.

बक्षीस त्या वर्षी एका मुळ्याला मिळालं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात जीप थांबली. मोठे साहेब उतरले, बरोबर कृषी सहायक. डांगर खाऊन टाकल्याचं त्यांना कळलं होतं, त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना बियाणं पाहिजे होतं. मंडपात जो तो तेच विचारत होता म्हणे.

"कोणत्या कंपनीचं बियाणं, काका?" साहेबांनी विचारलं.

मामा ओट्यावर बसले होते. शेजारी सुपात मी डांगराच्या बिया वाळत टाकल्या होत्या. साहेबांनी त्यातली एक उचलून चिमटीत फिरवली. "हे तर आपलं गावरानच दिसतंय. ह्याला चौकोनी डांगर येतं?"

येणार कुठून? त्या बियांना गोल डांगर येणार होतं, हे मामांना चांगलं ठाऊक होतं. पिशवी भरून बी दिलं असतं तर पुढच्या हंगामात अर्धा तालुका दारात येऊन उभा राहिला असता. आणि खरी रीत सांगायची तर ती त्यांना येत नव्हती. फरशा किती, पाचर कुठे, फळ केवढं असताना आत घालायचं, यातलं काही त्यांनी कधी वाकून बघितलं नव्हतं. मग समोरच्या खांबाकडे बघत म्हणाले, "तिला इचारा."

मी दारातच होते. साहेबांनी डायरी उघडली, पेन काढलं. "बोला ताई, कसं केलं?"

"आधी नाव लिहा."

"लिहिलंय की कालच."

"ते खोडा."

मी माझं नाव सांगितलं. साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामा सुपातल्या बिया बोटानं पसरत होते. साहेबांनी ओळ खोडली आणि तिच्या खाली लिहिलं.

"आता वाचून दाखवा," मी म्हटलं.

ओट्यावर मामा होते, दारात नवरा होता, आत चुलीपाशी आत्याबाई. साहेबांनी घसा साफ केला आणि माझं नाव मोठ्यानं वाचलं. मग मी त्यांना परसात फरशा दाखवायला नेलं.