लागोस की अदिस अबाबा?

“आफ्रिकेची राजधानी अदिस अबाबाच! सगळे देश भांडायला आमच्याकडेच येतात,” शटल बसचा इथिओपियन ड्रायव्हर मागच्या नायजेरियन नर्सला ऐकवत होता.

“मीटिंगा तुमच्याकडे. माणसं येतात आमच्या लागोसला!”

२००६ साली अमेरिकेतल्या अल्फारेटात रोज सकाळी हा वाद रंगे. जिंकतोय असं वाटलं की तो टोपी मागे सरकवायचा, हरला की कपाळावर ओढायचा. मी सहा महिने खिडकीशी बसून मनातल्या मनात हसले, बोलले मात्र एकदाही नाही. त्या दिवशी माझा शटलमधला शेवटचा दिवस होता.

माझा स्टॉप आला. त्याने आरशातून विचारलं, “मॅडम, निदान जाताना निकाल द्या!”

मी दारापाशी थांबले.

“मी नागपूरची आहे,” मी म्हणाले. “एकीला उपराजधानी करा. भांडण मिटत नाही, पण दोघींचा मान राहतो.”