पाचवं वचन आणि बंद फोन

चौथ्या वचनावर बोलणारे चर्च कमिटीचे पंच खाली बसले. मी कागद घेऊन उठले, तेवढ्यात चर्चच्या दारात आमच्या हॉस्पिटलचे वॉर्डमामा दिसले. चपला हातात, कपाळावर घाम.

गुड फ्रायडेला आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्त क्रूसावरून जे सात वेळा बोलला, त्यावर सात जण बोलतात. पाचवं वचन तहानेचं, 'मला तहान लागली आहे.' ते त्या वर्षी पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलं होतं. चाळीस दिवस उपास केला होता, पहाटे उठून लिहून काढलं होतं. खरं सांगायचं तर डोक्यात एकच होतं, एवढं नीट पार पडलं की माझ्या तारणाची, म्हणजे मुक्तीची, मला चिंता नाही.

मी जुन्नरजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात डायलिसिस टेक्निशियन आहे. किडनी बंद पडली की रक्त मशीनमधून गाळून परत शरीरात सोडावं लागतं, ते माझं काम. सुट्टीच्या दिवशी मी एकटीच ऑन-कॉल असते, म्हणजे कुठेही असले तरी फोन लागला पाहिजे. आणि मी तो बंद करून पर्समध्ये टाकला होता. देवासमोर बसताना फोन कशाला, असा माझा रुबाब.

मामा सरळ माझ्यापाशी आले. "शालनताई, म्हेबूबचाचांना आणलंय. लई दम लागलाय. डॉक्टर फोन लावून दमले."

म्हेबूबचाचा जुन्नरच्या बाजारात ताडपत्र्या शिवतात. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा येतात. अशा पेशंटला लघवी जवळजवळ होत नाही. प्यालेलं पाणी अंगात साचतं आणि फार झालं की फुप्फुसात उतरतं. म्हणून पाणी मोजून प्यायचं. उन्हाळ्यात चाचांचं माप चुकायचं आणि मी त्यांना फाडफाड बोलायचे. पुण्याला न्यायला वेळ उरला नसणार, हे मला कळत होतं. तरी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना हळूच म्हणाले, पाचच मिनिटं द्या, बोलून जाते.

पाळकसाहेब एरवी फार मऊ माणूस. त्यांनी विचारलं, "बोलायचं ते कुणासाठी?"

"देवासाठी."

"मग त्याचं काम तिकडं खोळंबलंय. इथं थांबलात तर स्वतःसाठी थांबाल. जा."

भरल्या चर्चमध्ये माझे कान तापले. मामांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी सगळा रस्ता धुमसत होते.

चाचांना पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला. ऑक्सिजन लावलेला, ओठ निळे, आडवं होता येत नव्हतं. मशीन तयार करायला अर्धा तास लागतो. नळ्या भरून त्यातली हवा काढावी लागते, तिथे घाई चालत नाही. फोन चालू असता तर तो अर्धा तास केव्हाच संपला असता. मला कुणी तसं म्हणालं नाही, डॉक्टरसुद्धा नाही. त्याचंच जास्त लागलं. चाचांच्या हातात सुया घालताना मी प्रार्थना केली. चाळीस दिवसांतली ती पहिली, जिच्यात मी स्वतःसाठी काही मागितलं नाही.

चार तासांत तीन लिटर पाणी निघालं. चाचा उशीला टेकून बसले.

"ताई, रागवू नका. लई ऊन व्हतं, तोंड कोरडं पडलं व्हतं."

एरवी रागावलेच असते. त्या दिवशी बर्फाचा छोटा खडा त्यांच्या जिभेवर ठेवला.

"तुमचा मोठा दिस व्हता म्हनं आज. माझ्यामुळं बोलायचं ऱ्हायलं."

"काही राहिलं नाही," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

संध्याकाळी पाळकसाहेब बघायला आले. त्यांच्याकडून कळलं, पाचव्या वचनावर कुणीच बोललं नव्हतं. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसून चाचांसाठी प्रार्थना केली होती.

पुढच्या वर्षी पाचवं वचन पुन्हा मलाच दिलं. मी एक अट घातली, फोन चालू राहील. माझ्या तारणाचं बघणं देवाचं काम. फोन उचलणं माझं.