उस्तादाचं नाक

आमच्या इस्लामबागेत पाइपांचे जोड, म्हणजे एल्बो, टी आणि सॉकेट, बनवणारे कारखाने गल्लीगल्लीत आहेत. कारखाना म्हणायचं ते आपलं तोंडदेखलं. एक खोली, दोन-तीन हाताची यंत्रं, पाण्याचं एक पिंप आणि मालकाला बसायला खुर्ची, की झाला कारखाना. हाजी सोलायमानचा असाच होता. फरक इतकाच, की त्याच्याकडे तोफाज्जल होता आणि तोफाज्जलला नाक होतं.

नाक काय, सगळ्यांनाच असतं. पण इथला माल येतो भंगारातून. साऱ्या ढाक्याने फेकून दिलेलं प्लास्टिक पोत्यात भरून येतं आणि त्यातलं पीव्हीसी कुठलं, हे कोणीतरी सांगावं लागतं. चाकूने कपचा काढायचा, काडीने पेटवायचा, फुंकर घालून विझवायचा आणि धूर हुंगायचा. पीव्हीसीचा धूर आंबट असतो, डोळ्यांच्या मागे टोचतो. बादल्या-डब्यांच्या प्लास्टिकचा धूर नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीसारखा. आणि जुन्या टीव्हीच्या पाठीचा गोडसर, झेंडूसारखा. ही टीव्हीची पाठच खरी वैरीण. रंगाने पाइपासारखीच करडी. पाण्यात टाका, दोन्ही बुडतात. पेटवा, दोन्ही आपोआप विझतात. नाकाशिवाय तिला पकडता येत नाही. आणि तिचं एक पोतं जरी पीव्हीसीबरोबर दळलं गेलं, तरी सगळ्या घाण्याचे एल्बो तडकतात.

म्हणून या धंद्यात एक रीत आहे. नव्या मालाचा पहिला एल्बो साच्यातून काढून पाण्यात बुडवला, की तो उस्तादाच्या हातात द्यायचा. उस्ताद ‘बिस्मिल्ला’ म्हणून तो जमिनीवर ठेवतो आणि टाचेखाली दाबतो. टिकला तर काम सुरू. बावीस वर्षांत तोफाज्जलच्या टाचेखाली एकही एल्बो फुटला नव्हता. शेजारच्या गल्लीतले मालक कपचे घेऊन त्याच्याकडे यायचे, चहा पाजायचे, आणि तो एकेक हुंगून निकाल द्यायचा. न्यायाधीशाला काय मान असेल!

त्या नाकाने एका दिवसात दगा दिला नाही. आधी मेणबत्ती गेली, मग झेंडू गेला. आंबट मात्र बरेच दिवस टिकलं, म्हणून त्याला वाटत राहिलं की सर्दी आहे. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका सकाळी त्याने कपचा विझवून नाकाशी धरला, आणि काहीच नाही. दुसरा धरला. काहीच नाही. घरी येऊन सुक्या मासळीच्या मडक्यात तोंड घातलं, तरी नाही. वीस वर्षं जो धूर त्याने पोटाची भाकरी म्हणून ओढला होता, त्यानेच नाक आतून जाळून टाकलं होतं. जेवणात त्याला तेव्हापासून फक्त तिखट, मीठ आणि आंबट कळू लागलं.

हे हाजीला सांगायची त्याची छाती झाली नाही. सांगून करणार काय? यंत्राचा दांडा अंगाचा भार टाकून ओढावा लागतो. त्याचा उजवा खांदा त्यातच कामातून गेला होता. डाव्या हातावर एकदा तापलेलं प्लास्टिक सांडलं, तेव्हाची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. उरलं होतं ते एकटं नाक. कुद्दूसचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. एल्बोच्या कडा तासणारा कुद्दूस, डोळे अधू झाले तसा मालकाने त्याला आधी भंगार निवडायला बसवलं आणि मग एक दिवस नुसतं बोलावलंच नाही. कुद्दूस निदान गावी परत गेला. तोफाज्जलचं गाव पद्मेने केव्हाच गिळलं होतं. जायचं तर नदीच्या तळाशी.

सांगितलं ते फक्त बायकोला, मोमेनाला. ती म्हणाली, "मग इथं आणा की. मला कुठं सर्दी झालीय?"

तेव्हापासून तो सकाळी पोत्यांतले कपचे लुंगीच्या सोग्यात बांधायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी न्यायचा. प्रत्येकावर चाकूने पोत्याचा नंबर कोरलेला असायचा. मोमेना चुलीशी बसून एकेक पेटवायची.

"आधी पाय धुवा, मग नाक मागा," ती म्हणायची.

"उशीर होतोय गं. हा बघ, हा कसा?"

"हा आंबट. तुमच्या बहिणीच्या बोलण्यासारखा."

"आणि हा?"

"हा गोड आहे. म्हणजे तुमच्या घरातला नव्हे."

खरं सांगायचं तर ते दिवस बरे गेले. लग्नाला तीस वर्षं झालेली माणसं, एकुलती लेक लायली नदीपलीकडे केरानीगंजला दिलेली, एकमेकांशी बोलायला विषय उरलेला नव्हता. तो या धुराने दिला. तोफाज्जल दुपारी लगबगीने घरी यायचा. कारखान्यात परत जाऊन, कपचा नाकाशी धरल्याचं सोंग करून, मोमेनाने सांगितलेलं पोरांना ऐकवायचा. एल्बो टाचेखाली टिकत होते. मोमेनाला खोकला लागला होता, डोकं दुखायचं, पण खोकला या गल्लीत कोणाला नाही? त्याने तिला आल्याचा चहा करून दिला आणि कपचे आणणं चालूच ठेवलं. इथे मला त्याचा राग येतो. पण बंद करून तो खाणार काय होता, तेही मला सांगता येत नाही.

यंदा पावसाळा सरता सरता पहिला एल्बो फुटला.

बुधवार होता. तोफाज्जलने ‘बिस्मिल्ला’ म्हटलं, टाच ठेवली, आणि एल्बो पापडासारखा मोडला. यंत्रं थांबली. बच्चू म्हणून एक दांडा ओढणारा होता, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "उस्ताद, नाक घरीच विसरलात का?"

कोणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. हाजीने तुकडे उचलून उजेडात धरले. दळलेला सगळा सहा पोती माल वाया गेला होता.

"तोफाज्जल, टीव्हीची पाठ आहे ही. तुला कळली नाही?"

"सर्दी झालीय हाजीसाहेब. डोकं भरलंय."

"बावीस वर्षांत तुला कधी सर्दी झाली नाही, ती आजच झाली?" हाजी आवाज न चढवता बोलत होता. "अजून अठरा पोती पडलीत. भंगारवाला शनिवारपर्यंतच परत घेणार. शनिवारी सकाळी मला सांग, कुठली ठेवायची आणि कुठली परत पाठवायची. त्यातला पहिला एल्बो फुटला, तर मग तू घरीच बस. मला राग नाही तुझा. पण मग तुला इथं ठेवून मी करू काय?"

घरी जाऊन तोफाज्जलने सगळा राग मोमेनावर काढला. "तू आंबट म्हणालीस! सहाही पोती आंबट म्हणालीस!"

"म्हणाले असेन," ती तांदूळ निवडत म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "भेसळीचं भंगार येतंय हल्ली. एका कपच्यावरून काय कळणार?"

ते त्याला पटलं. पटवून घेतलं म्हणा. बुडत्याला काडीचा आधार.

शुक्रवारी कारखाना बंद. जुम्म्याची नमाज आटोपून तो अठरा पोत्यांचे कपचे घेऊन घरी आला. लायली त्याच दिवशी बाळंतपणाला माहेरी यायची होती, सातवा सरला होता. तिच्यासाठी म्हणून मोमेनाने आदल्या संध्याकाळी बाजारातून हिलसा मासा आणला होता, मोहरी लावून शिजवला होता. लेकीची होडी काही वेळेवर येईना, तेव्हा दोघं कपचे घेऊन बसली.

"आंबट," मोमेना म्हणाली. "आंबट. हा गोड. आंबट."

तो वहीच्या पानावर खुणा करत गेला. ती न अडखळता सांगत होती आणि त्याच्या छातीवरचं ओझं हळूहळू उतरत होतं. नऊ झाले. "उरलेले जेवून करू," तो म्हणाला. "पोरगी येईल तेव्हा येईल."

दोघांनी भात वाढून घेतला. तिखट झणझणीत होतं. तोफाज्जलने डोक्याकडचा तुकडा मोमेनाच्या ताटात टाकला, तिने तो परत त्याच्या ताटात टाकला. अर्धं जेवण झालं असेल, तेवढ्यात दारात लायली आली. एका हातात बोचकं, दुसऱ्या हाताने पोट सावरलेलं. उंबरठ्याशीच थबकून तिने पदर नाकाला लावला.

"आई! हे काय खाताय?"

"हिलसा. तुझ्यासाठीच केलाय. ये, बस."

"अगं सडलाय तो! गल्लीच्या तोंडापासून घाण येतेय, मला वाटलं कोणाच्या घरात उंदीर मेलाय." तिने पुढे होऊन दोघांची ताटं ओढून घेतली. "बाबा, तुम्हाला कळत नाही का? आई, बाजारात घेताना तरी हुंगून का नाही पाहिलास?"

तोफाज्जलचा हात भातात तसाच राहिला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. मोमेना जमिनीकडे बघत होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गेल्या रमजानपासून."

आठ महिने सगळं नाकाशिवाय, नुसत्या नशिबावर चाललं होतं. तो मनात मोजू लागला, पण पोती इतकी झाली होती की मोजून होईनात.

"मग मला काय सांगत होतीस तू?"

"तुमच्या तोंडाकडे बघून सांगत होते. कपचा पुढे करताना तुमच्या मनात काय आहे ते दिसायचं. तेच म्हणायचे. बावीस वर्षं तुम्ही हे काम केलंय, तुमचा अंदाज चुकणार नाही असं वाटलं मला."

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही हाजीसाहेबांना बोललात?"

तिला जे झालं होतं ते त्यानेच केलं होतं. रोज दुपारी, लुंगीत बांधून, आपल्या हाताने आणून दिलं होतं. त्याला आठवलं, दुपारी घरी येताना तो कधीकधी गुणगुणत यायचा. त्याला स्वतःची शिसारी आली.

लायली ताटं बाहेर टाकून आली. चुलीशी पडलेले कपचे, वही, काडीपेटी तिने पाहिली आणि विचारलं. मग त्याने सगळं सांगितलं. शनिवारचंही सांगितलं.

"अठराच ना?" लायली म्हणाली आणि भिंतीला टेकून हळूच खाली बसली. "द्या इकडे."

"नको गं," मोमेना म्हणाली. "तू नको. पोटात जीव आहे."

"एका दिवसाने काय होतंय आई? उद्या बाबांना घालवलं तर हे बाळंतपण कुठं करशील माझं, रस्त्यावर?"

मोमेनाने नवऱ्याकडे पाहिलं. आता त्याने नाही म्हणायचं होतं. त्याला ते कळत होतं, तोंडही त्याने उघडलं होतं. पण कुद्दूस भंगाराच्या ढिगापाशी कसा बसायचा ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तोंड मिटलं.

त्याने एक नंबरचा कपचा शोधून लेकीच्या हातात दिला आणि काडी स्वतः ओढली.

लायलीने धूर आत घेतला. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने दुसरा हात पोटावर दाबून धरला.

"गोड आहे, बाबा," ती म्हणाली. "झेंडूसारखा."

वहीत एक नंबरपुढे ‘आंबट’ लिहिलेलं होतं. तोफाज्जलने ते खोडलं आणि दोन नंबरचा कपचा पुढे केला.