तीन वर्षांच्या पोराच्या हुकमापुढे मी गप्प

मंडळी, आज मला दटावणारा भेटला. वय वर्षं तीन.

शेजारच्या सुरेखाच्या शेतात आज हळद शिजवायची होती. त्यासाठीचा मोठा कुकर भाड्यानं आजच मिळाला, म्हणून नवरा-बायको दोन्ही लेकरं माझ्याकडे ठेवून सकाळीच हट्टा गावी शेतावर गेले. धाकटा बाळू आईशिवाय कुणाच्या हातून जेवत नाही. "उपाशी राहिला तर मी मधूनच येते, काकू," असं ती म्हणाली खरं, पण ती आली असती तर तिकडचं काम अडलं असतं.

माझ्या नुसत्या नजरेनं गल्लीतली पोरं गप्प होतात. बाळू मात्र ढिम्म. दुपार झाली तरी घास घेईना. शेवटी मी एक जुना विनोदी सिनेमा लावला. त्यात व्रात्य पोरं सांभाळायला एक तऱ्हेवाईक, कडक बाई येते.

मोठी पिंकी ओरडली, "काकू, ही तर तुमच्यावानीच करून राहिली!"

बाळू खिदळला. मग कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभा राहिला. "सरळ बसा! आ करा!"

मी म्हटलं, "मला न्हाई जेवायचं."

"काहून न्हाई? रडायचं न्हाई!" म्हणत त्यानं वरणभाताचा घास माझ्या तोंडात कोंबला. कसं खायचं ते दाखवायला दुसरा स्वतः खाल्ला. असं करत ताट संपत आलं.

तेवढ्यात सुरेखाचा फोन. "काकू, येऊ का?"

"कशाला? आमी जेवून राहिलो!"

तुमच्या घरातल्या कडक माणसाला कोण वाकवतं? खरं सांगा.