हातानं फाडलेले हत्ती

आमच्या बालवाडीत शिकवणाऱ्या दीदी मुलांच्या हाती कधी कात्री देत नसत. कागद हातानंच फाडायचा. तुमच्या जन्माआधी, कॉलेजातून निवृत्त झाल्यावर, मी इथे हिंदी मुलखात, ब्राह्मणपारा नावाच्या वस्तीत, ती बालवाडी चालवत होते. मला सरळ कडा आवडतात, हे तुम्हा दोघा नातवंडांना ठाऊक आहे. मी छोट्या कात्र्या आणून ठेवल्या, तर दीदी म्हणाल्या, "मॅडम, घरी पोट्टे कागद फाडतात तर मार खातात. इथं तरी फाडू द्या."

रोज एक चित्रपुस्तक असे. दीदी ते वाचून दाखवत आणि मिटून पाठीमागे धरत. "पाहून नाही करायचं, आठवून करायचं." मग जुनी वर्तमानपत्रं, मैद्याची खळ आणि फरशीभर पसारा. हे काय काढलंस, असं त्या कुणाला विचारत नसत. "सांग, हा काय करून राहिला?" एवढंच.

एकदा पुस्तक हत्तीचं होतं आणि दुसऱ्या दिवशी पालक येणार होते. चार वर्षांच्या चिनूनं सोंड पाठीवर चिकटवली. "पीठ खुजा रहा है," तो म्हणाला.

"हव रे," दीदी हसल्या, "मच्छर चावला असेल त्याले."

दुपारी सगळे गेल्यावर मी ते हत्ती पुढ्यात घेऊन बसले. खळ ओली होती, सोंडा अलगद निघाल्या. मी त्या जागच्या जागी लावल्या, कडा कापल्या, खाली नावं लिहिली आणि हत्ती भिंतीवर ओळीनं टांगले. छान दिसत होते.

सकाळी चिनू भिंतीपुढे उभा राहिला. "मेरा कहाँ है?" मी त्याचं नाव दाखवलं.

"ये नहीं है," तो म्हणाला आणि आईचा हात धरून बाहेर गेला. बाकीच्या पालकांनी फोटो काढले.

सगळे गेल्यावर दीदी भिंतीपाशी आल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, हे तर तुमचे झाले. पोट्ट्यांचे कुठं गेले?"

"पालक हसले असते," मी म्हटलं.

"मग हसू द्यायचं होतं ना."

महिना संपेपर्यंत त्या आल्या, नेहमीसारखं वाचत राहिल्या. नंतर आपल्या मुलाकडे अभनपूर गावी राहायला गेल्या. आज माफी मागू, असं मी तो महिनाभर रोज ठरवत होते. मागितली नाही.

गेल्या पंधरवड्यात त्या वारल्याचं कळलं. मी अभनपूरला गेले. रडू आलं नाही. गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते, पण काय दिसलं ते सांगता येणार नाही. त्यांच्या सुनेनं खुर्ची दिली. तिला मराठी समजतं, बोलते हिंदीत.

मी म्हटलं, "बालवाडीत मुलांनी केलेले हत्ती मी बदलले होते. चूक माझी होती. तुझ्या सासूबाईंना हे सांगायचं राहून गेलं."

कुठले हत्ती, ते तिला ठाऊक नसावं.

"कोई बात नहीं, आंटी," ती म्हणाली. "चाय पिएँगी?"

मी चहा घेतला आणि परत आले.